पाहुणे आले की लागणारा पंखा

खंडेनवमी होती. शेडमधल्या सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, टाक्यांच्या काठांवर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. शेठचे पाहुणे आले होते. त्यांच्या बायका, पोरं, मुंबईचा साडू. आम्ही कामगार धुतलेल्या कपड्यांत एका बाजूला उभे. आरती झाली आणि शेठनं माझ्याकडे बघून बोटानं खूण केली.

"ए, इकडे ये. पाहुण्यांना गंमत दाखव."

कसली गंमत ते मला कळलं. शेठनं पूजेच्या ताटातली उदबत्ती उचलली, तिची खालची काडी मोडली आणि माझ्या हातात दिली. मी डोक्यावरचा पदर सारखा केला. काडी एका नाकपुडीत घातली आणि दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर काढली. आरपार.

"ई!" शेठची कोणी भावजय ओरडली. एका पोरानं टाळ्या वाजवल्या. सगळे हसले. साडूनं विचारलं, "दुखत नाही का हिला?" मला नाही विचारलं. शेठला विचारलं.

शेठ म्हणाला, "यांना काय दुखतंय? मेडल आहे ते. आमची पहिली बाई प्लेटर!"

आणि मीपण हसले. नाकात काडी आणि तोंडभर हसू. मग मला प्रसादाचा द्रोण मिळाला आणि मी रांगेत परत जाऊन उभी राहिले.

हे भोक कसलं, ते सांगते.

आमची शेड नाशिकच्या एमआयडीसीत, मागच्या रस्त्याला. मोटारसायकलची हँडलं यायची, काळपट, तेलकट. आमच्याकडून जाताना त्यांच्यात तोंड बघून घ्यावं इतकी चकचकीत व्हायची. बाहेर त्या गाड्या फिरताना बघून लोक म्हणायचे, नाशिक किती पुढे गेलं. शेठच्या कमरेला मोबाईल लटकलेला असायचा. तेव्हा तो आमच्यातल्या कुणी हातातही धरला नव्हता.

हँडलं एकामागून एक टाक्यांतून बुडवत न्यायची. सगळ्यात शेवटची टाकी क्रोमची. तांबडंलाल पाणी, गरम, त्यात वीज सोडलेली. वीज सोडली की ते पाणी फसफसायचं आणि त्यातून बारीक फवारा उठायचा. डोळ्यांना तो धड दिसायचा नाही. घशाला कळायचा. तो नाकात जाऊन बसायचा आणि आतून खायचा. आधी नुसत्या शिंका. मग खपली. खपली काढली की रक्त. पुन्हा खपली. आणि एक दिवस खपली निघायची आणि तिच्यामागं काहीच नसायचं. दोन नाकपुड्यांमधला पडदा फुटलेला असायचा. तेव्हा दुखतही नाही. हीच त्याची हरामखोरी.

मी आधी तारा बांधायच्या कामाला होते. हँडलाला तार बांधायची, अडकवायचं, पुढं द्यायचं. मग टाकीवरचा एक गडी सोडून गेला. बाईला पगार कमी द्यावा लागतो, हे शेठच्या लक्षात आलं आणि मी टाकीवर गेले. घरी नवरा दुसऱ्याची रिक्षा चालवायचा. एक मुलगी. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसं वाटलंही नव्हतं. टाकीवर मुलामा चढवणारा तो प्लेटर, आणि त्याला शेडमध्ये मान होता.

त्या मानाची एक रीतच होती. आमच्यात सगळ्यात जुना दगूमामा, नांदगावकडचा. तो म्हणायचा, "नाक फुटल्याबिगर प्लेटर होत नाय." ज्याचं नाक फुटलं नाही तो कच्चा. ज्याचं फुटलं त्यानं दुसऱ्या दिवशी पेढे आणायचे. जेवणाच्या सुट्टीत सगळे गोल बसायचे, मामा स्वतःच्या हातानं झाडूची हीर त्याच्या नाकातून आरपार घालायचा, आणि सगळे ओरडायचे. त्या दिवसापासून तो पक्का. पहिलवानाचे कान मोडतात तसंच हे, असं आम्ही समजत होतो. असं का होतं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. शेठला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पण शेठ आणि त्याचा मुलगा टाकीजवळ यायचे ते नाकाला रुमाल लावूनच.

माझं फुटलं तेव्हा मीपण पेढे नेले. सगळ्या गड्यांत मी एकटी बाई. मामानं डोक्यावर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, अभिमानानं छाती फुगली होती माझी.

टाकीच्या वर वाफ ओढून घेणारा एक मोठा पंखा होता. नव्या नवरीसारखा झाकून ठेवलेला. तपासणीला कोणी येणार असलं, गिऱ्हाईक येणार असलं, की त्या दिवशी लागायचा. एरवी बंद. एकदा मी सुपरवायझरला विचारलं होतं, का लावत नाही म्हणून. तो म्हणाला, "पंखा लावला की क्रोम उडून जातं. महाग असतं ते." म्हणजे महाग होतं म्हणून ते बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. आमच्या नाकात साठवायचं. त्याच्या बदल्यात रोज गुळाचा खडा मिळायचा. गूळ खाल्ला की सगळं धुऊन निघतं, असं सांगायचे, आणि आम्ही खायचो.

उन्हाळ्यात तर बोलायलाच नको. वर पत्रा तापलेला, खाली टाक्या तापलेल्या. साडीवर रबरी एप्रन, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. मोजे काढले की आतून घाम ओतायचा, पेला कलंडावा तसा. पाणी प्यायला जायचं तर सुपरवायझर घड्याळ बघायचा. सुरगाण्याकडची हिरा तारा बांधायला होती. ती एकदा उभ्या उभ्या कोसळली. सुपरवायझरनं तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "उपाशी येता, मग पडता." त्या दिवशी हिरा माझ्यासमोर दोन भाकरी खाऊन उठली होती.

हे सगळं मला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि टोचणं वेगळं.

टोचलं ते माहेरी. माझं माहेर मखमलाबादच्या अंगाला. आम्ही माळी. गुलाब, निशिगंध, शेवंती. त्या खंडेनवमीनंतर दिवाळीला मी माहेरी गेले. सणाची माळांची गडबड होती. आई म्हणाली, टोपलीतला निशिगंध घे आणि ओवायला बस. मी ओल्या गोणपाटाखालची टोपली ओढली आणि बसले. हात सवयीनं चालत होते, बघता बघता मोठी माळ झाली. तेवढ्यात आई आत आली आणि तिनं पदर नाकाला लावला.

"अगं, मढ्यावानी वास मारतोय! कोणची टोपली घेतली तू?"

मी भलतीच टोपली घेतली होती. शिळी. उकिरड्यावर टाकायला ठेवलेली. खालची फुलं कुजून त्यांचं पाणी झालं होतं आणि ते माझ्या बोटांवर, मांडीवर ओघळत होतं. माळ्याच्या घरात रांगणारं पोरही कुजलेल्या निशिगंधाला तोंड फिरवतं. मी माळ नाकाशी नेली. जोरात हुंगली. काहीच नाही. पुन्हा हुंगली. मग शेजारचा ताजा गुलाब उचलून हुंगला. तेच. दोन्ही सारखेच, म्हणजे काहीच नाही.

आईला वाटलं सर्दी असेल. मी म्हटलं, "सर्दी नाय आई. माझं नाक फुटलंय. मी पक्की प्लेटर झाले." आणि तिला पटावं म्हणून झाडूची हीर घेऊन आरपार घालून दाखवली. अजून मला वाटत होतं की ती कौतुक करेल.

आई हसली नाही. तिनं मला उंबऱ्यात उन्हाला बसवलं, हनुवटी धरून डोकं मागं केलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. तिच्या हाताला मातीचा वास असणार. मला तो आला नाही.

"बैलाच्या नाकात आसं भोक पाडत्यात," आई म्हणाली. "येसण घालाया. तुझ्या नाकात कोणी पाडलं गं?"

मी म्हटलं, "ते आपोआप पडतं."

"बैलालाबी तसंच वाटत आसंल," ती म्हणाली. मग विचारलं, "आन तू पेढे वाटले?"

मी मान हलवली. आई उठली. माळ उकिरड्यावर टाकली आणि हात धुतले.

मला तिथं बसवेना. शेतात गेले, बांधावरून फिरले, परत आले. शेठचं बोट दिसत होतं. ए, इकडे ये. बैलाला कोण ए म्हणतं? त्याला निदान नाव असतं. आणि ते माझं हसणं. त्या हसण्याचा इतका राग आला की मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली, खरोखर, विहिरीवर कोणी नाही बघून.

दिवाळीनंतर सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, नीट तपासलं. म्हणाल्या, हे भरून येत नाही. वास परत येईल की नाही, सांगता येत नाही. काम सोडा. काम सोडा म्हणायला काय जातं! सोडून करायचं काय, हे त्यांच्या औषधांत नव्हतं.

मी कामावर गेले. पण आता मला शेडमध्ये माणसं दिसेनात, नाकंच दिसायला लागली. हा शिंकतोय. त्याच्या रुमालाला रक्त. हिरा कडेला जाऊन खपली काढतेय. मी मामाला म्हटलं, "मामा, हे मेडल नाय. ही जखम हाय." मामा चिडला. "इतकी वर्सं झाली माझं फुटून. मेलो का मी? बाईमाणसाला टाकीवर घेऊ नका म्हणत होतो, ते यासाठीच." मला त्याचा राग आला आणि दयाही आली. त्याच्याकडे मिरवायला दुसरं काहीच नव्हतं.

मग मी सुपरवायझरला पुन्हा म्हटलं, पंखा लावा. रोज म्हणायला लागले. एक दिवस तो सगळ्यांदेखत म्हणाला, "घरी किती पंखे आहेत गं तुझ्याकडे?" गडी हसले. मीही पूर्वी असल्या बोलण्यावर हसले असते.

मे महिना आला. पुण्याची मोठी पार्टी बघायला येणार होती. काम मिळालं तर बाजूला दुसरी शेड उभी राहणार, असं सगळे बोलत होते. आदल्या दिवशी शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. एसीची हवा, आणि मी घामानं निथळलेली, दारातच उभी. शेठ गोड बोलत होता.

"उद्या साहेबांना तुझी ती काडी दाखवायची. नथ घालून ये, नऊवारी नेस. जरा मराठमोळं वाटलं पाहिजे. आणि हे पंख्याबिंख्याचं बोलू नकोस. नाहीतर परवापासून यायचं नाही."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मिनिटभराचं तर काम हाय. दाखव आन मोकळी हो. नोकरी गेली तर खायचं काय?" त्याचं चूक होतं असं मला म्हणता येईना. मी भाकरी थापायला बसले. थापत होते, तव्यावर टाकत होते, मनात शेठशी भांडत होते. मुलगी धावत आली, "आई, जळतंय!" तव्यावर भाकरीचा कोळसा झाला होता, घरभर धूर, आणि मी तिथंच बसलेली. मुलगी खोकत होती. तेव्हा माझं ठरलं. फार विचार करून नाही. खोकणाऱ्या पोरीकडे बघून.

दुसऱ्या दिवशी मी रोजचीच साडी नेसले. नथ घातली नाही. शेडमध्ये सकाळपासून पंखा घरघरत होता. आम्हाला नवेकोरे मोजे दिले होते. पिण्याच्या पाण्याचा जारसुद्धा आला होता, त्याला हात लावायचा नाही असं बजावून.

साहेब लोक आले. शेठ एकेक टाकी दाखवत शेवटी आमच्याकडे आला.

"आणि ही आमची पहिली बाई प्लेटर. दाखव गं."

"नाय दाखवणार."

शेठला वाटलं मी लाजतेय. "अगं, खंडेनवमीला दाखवलंस ना?"

"तवा दाखवलं. आता नाय. परत कधीच नाय."

शेठचा चेहरा उतरला, पण दात दिसतच राहिले. तो मामाकडे वळला. "मामा, तुम्ही दाखवा. बायकांचं काही खरं नसतं."

काडी मामाच्या हातात गेली. मामानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मामा, नका." निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते त्याच्या. त्यानं डोळे मिटले आणि काडी आरपार घातली. एक साहेब हसला. दुसरा आपल्या बुटांकडे बघायला लागला. मामाच्या ओठावर रक्ताचा थेंब आला आणि तो त्यानं जिभेनं पुसला.

तो थेंब बघून माझं डोकं फिरलं. पंख्याचं बटण माझ्यामागं खांबावर होतं. मी दोन पावलं मागं गेले आणि बटण दाबलं. घरघर थांबली. शेड एकदम गप्प झाली. टाकीतलं फसफसणं ऐकू यायला लागलं.

"साहेब," मी म्हटलं, "ह्यो पंखा तुम्ही आलात म्हणून लावलाय. आमाला रोज आसंच आसतं. जरा थांबा हितं."

टाकीत हँडलं लटकत होती, वीज चालू होती. फवारा वर यायला लागला. आधी हसणारा साहेब खोकला. मग दुसऱ्यानं रुमाल काढला. डोळ्यांतून पाणी. शेठ ओरडला, "लाव! लाव तो पंखा!" मी बटणाला पाठ टेकून उभी राहिले. सुपरवायझर माझ्याकडे धावला, तोपर्यंत शेठ दाराकडे पळाला होता. सगळ्यात पहिला तोच. त्याच्यामागं साहेब.

आणि आम्ही? आम्ही होतो तिथंच होतो. मामा टाकीवर, हिरा तारांपाशी. कुणी जागचं हललं नाही. कुणाला साधा खोकलाही आला नाही. शेठच्या पळण्यापेक्षा मला आमच्या त्या सवयीचीच जास्त चीड आली.

सुपरवायझरनं दंड धरून मला फाटकाबाहेर काढलं. माझ्यासोबत एकही माणूस बाहेर आला नाही. हिरा तेवढी माझा डबा फाटकाच्या गजातून देऊन गेली, तीही खाली मान घालून.

पुढचं ऐका. पुण्याच्या पार्टीनं काम दिलं. दुसरी शेड उभी राहिली. साहेब लोक पुन्हा आले तेव्हा त्यांनी म्हणे केबिनमध्येच चहा घेतला, टाकीपर्यंत गेलेच नाहीत. मामा घरी बसला. रस्त्यात भेटला तर अजून तोंड फिरवतो. मी बाकीच्या शेडांत काम मागायला गेले, तर फाटकावरच विचारायचे, "तीच ना तू, पंखावाली?" आणि दार लावायचे. नवरा कितीतरी दिवस घुश्शात होता. मग मी माहेरून मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात आणून शेडांच्या कोपऱ्यावर हातगाडी लावली. फुलं नाही विकत. शिळं कोणतं, ताजं कोणतं, मला सांगता येत नाही.

शेडांची शिफ्ट सुटली की बाया भाजी घ्यायला थांबतात. मी जुडी देते आणि विचारते, "रक्त येतं का नाकातून?" पहिल्यांदा हसतात. दुसऱ्यांदा थांबतात. मग मी डोकं मागं करून माझं नाक दाखवते. काडी लागत नाही त्याला. उन्हाकडे तोंड केलं की दिसतं. शेठनं दाखवायला लावलं होतं ते गमतीला. आता मी ज्यांना दाखवायचं त्यांनाच दाखवते, आणि बघून कुणी हसत नाही.

गेल्या वर्षी पलीकडच्या रस्त्यावरच्या एका शेडमधल्या बाया सकाळी टाकीला हात न लावता बाहेर उन्हात उभ्या राहिल्या. पंखा लागेपर्यंत आत जाणार नाही म्हणाल्या. दुपारी पंखा लागला. आठवड्यानं त्यातल्या दोघींना काढलं आणि पंखा पुन्हा बंद झाला. त्या दोघी आता माझ्यासोबत शेडाशेडांतल्या बायांना भेटत फिरतात. त्यांना कामावर परत घेतलेलं नाही, मी नाकासाठी नुकसानभरपाईचा अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलेलं नाही. सगळं छान झालं असं सांगायला मी बसलेली नाही.

मध्यंतरी शेठचा मुलगा गाडी थांबवून आला. काच खाली करून म्हणाला, "पॅकिंगला घेतो तुला. हलकं काम. फक्त हे गाडीवरचं भाषण बंद कर."

मी म्हटलं, "भाजी घ्यायची आसंल तर घे. नायतर गाडी पुढं ने, गिऱ्हाईक अडतंय."

काच वर गेली.

माझं नाक भरून येणार नाही. मी ते मागतही नाही. पण या रस्त्यावर यापुढं कुणाचं नाक गुपचूप फुटणार नाही. पंखा बंद आहे असं कुणी सांगितलं की मी त्या शेडच्या फाटकासमोर उभी राहणार, तिथल्या शेठचं नाव घेऊन बोंब मारणार, आणि आतली बाई टाकीवरून हात काढेपर्यंत तिथून हलणार नाही.